टाकीतला श्वास

फुंकरबाबाने उजवा हात वर केला आणि शेडमधली कुजबुज थांबली.

"आता कुणी बोलायचं नाही. खोकला आला तर गिळा. फक्त ऐका."

गर्दी साधीसुधी नव्हती. काळी चामडी जाकिटं, पोटऱ्यांपर्यंत बूट, दंडांवर गरुड नाहीतर कवट्या गोंदवलेल्या, अशी दणदणीत मंडळी. यांच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या की दोन्ही बाजूंच्या घरांची तावदानं थरथरतात. इथे मात्र सगळे हेल्मेट पोटाशी धरून, तोंडं आ करून उभे होते.

मधोमध एक जुनी क्रूझर मोटरसायकल होती. बुटकी सीट, रुंद हँडल, भरदार टाकी. शेडच्या अलीकडच्या चढावर ती अचानक बंद पडली होती आणि जाकीटवाल्यांनी घाम गाळत ढकलत ती इथवर आणली होती. बाबाने टाकीवर कान टेकवला. क्लचची तार दोन बोटांत धरून इंजिनाची नाडी पाहिली. मान हलवली. मग टाकीच्या झाकणावर चिकटवलेली काळी रबरी चकती नखाने सोलून काढली आणि झाकण फिरवलं.

हुस्सऽऽऽ.

आवाज अगदी स्वच्छ आला. पार दाराशी उभ्या असलेल्या मलाही आला आणि माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"ऐकलंत? श्वास! कोंडून ठेवला होता बिचाऱ्याने," बाबा गरजला. "बाई, तुझा नवरा कशाने गेला?"

"हृदय बंद पडलं," गाडीशेजारी उभी असलेली बाई म्हणाली. ती माझी वहिनी.

"बंद पडलं ते मांसाचं हृदय! खरं हृदय हे इथे, सिलिंडरमध्ये धडधडतंय. डॉक्टरांच्या मशीनला व्हायब्रेशन कळत नाहीत. ते आकडे मोजतात. मी आत्मे मोजतो!"

एवढं बोलून त्याने टाकीवर तोंड आणलं, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला, गाल फुगवून आत फुंकर मारली, झाकण लावलं आणि स्टार्टरचं बटण दाबलं. एक आचका, दुसरा आचका, आणि गाडी सुरू! शेडचे पत्रे हादरले. टाळ्या, शिट्ट्या, हॉर्न. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. वहिनी टाकीला मिठी मारून रडत होती.

"हेच आहेत," ती मला सांगत होती. "अगं, हेच आहेत गं."

मी तिला काय सांगणार? तिचे 'हे' म्हणजे माझा दादा. तो त्या टाकीत असता तर मीही तिच्या आधी जाऊन मिठी मारली असती.

माझा व्यवसाय सांगते, म्हणजे माझा स्वभाव कळेल. मी वाहन विम्याच्या ऑफिसात दावे तपासते. भिंतीवर गाडी आपटणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी कुत्रा आडवा आलेला असतो. माझ्या टेबलावरचे सगळे कुत्रे खरे निघाले तर या शहरात माणसांना राहायला जागा उरणार नाही. त्यामुळे कुणी काही अद्भुत सांगायला लागलं की माझ्या तोंडून आपसूक निघतं, "कुत्रा कुठल्या रंगाचा होता?" घरी मला यावरून भरपूर चिडवतात. दादा तर मी दार उघडून आत आले की भुंकून दाखवायचा.

ती गाडी दादाने पोत्यांतून आणली होती. म्हणजे खरोखरच पोत्यांतून, सुटे भाग म्हणून. बाल्कनीत बसून त्याने एकेक भाग घासला, जोडला, पुन्हा खोलला. भांडी घासायच्या सिंकमध्ये कार्ब्युरेटर सापडल्यावर वहिनीने एकदा माहेरी जायची धमकी दिली होती. गाडी उभी राहिली तेव्हा मात्र मागच्या सीटवर पहिली तीच बसली. समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता पकडायचा आणि जमीन संपते तिथल्या दीपगृहापर्यंत जायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. सॅडल बॅगा आणल्या होत्या. टूल किट बांधून तयार होतं. आणि एका सकाळी दादा झोपेतून उठलाच नाही.

लोक म्हणाले, गाडी विकून टाक. वहिनी एका मोठ्या इस्पितळात वॉर्डची मुख्य नर्स आहे, रडण्यात वेळ घालवणारी बाई नाही. तिने ती गाडी चालवायला शिकायचं ठरवलं. पन्नाशीला टेकलेली बाई, इस्पितळामागच्या मोकळ्या जागेत, ड्यूटी संपल्यावर, युनिफॉर्मवर दादाचं जाकीट चढवून. पडली, ढोपरं फोडून घेतली, स्वतःच ड्रेसिंग केलं आणि पुन्हा बसली. क्रूझरची सीट बुटकी, त्यामुळे तिचे पाय नीट टेकायचे. वजनाची तिला धास्ती नव्हती. "पेशंटला कुशीवर वळवण्यापेक्षा सोपं आहे," ती म्हणायची. सुट्टी मंजूर झाली. दीपगृहाला जायचं, आणि मागच्या सीटवर मी, असं पक्कं झालं.

तेवढ्यात दादाच्या रायडिंग क्लबातली मंडळी मदतीला धावली. देव करो आणि अशी मदत माझ्या वैऱ्याला मिळो.

"एवढ्या लांब निघताय, बाबांची मुद्रा लावून घ्या," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी लावली आहे."

मुद्रा म्हणजे ती काळी रबरी चकती. बाबा ती स्वतःच्या हाताने भारून देतो. टाकीच्या झाकणावर चिकटवायची, म्हणजे वाईट नजर टाकीत शिरत नाही. नियम दोनच. एक, चकतीच्या कडा नीट दाबायच्या, फट राहता कामा नये. दोन, निघताना टाकी काठोकाठ भरायची, कारण अर्धपोटी वाहनावर मुद्रा काम करत नाही. आणि वाटेत गाडी बंद पडली, तर घाबरायचं नाही. ते बंद पडणं नसतं. वाहन काहीतरी सांगत असतं. आपण ते बाबाकडे घेऊन जायचं, मग तो सांगतो काय सांगतंय ते.

फुंकरबाबा हे नाव मी ठेवलेलं. फलकावर 'यंत्रात्मा श्वासगुरू' असं लिहिलं होतं. पूर्वी त्या शेडमध्ये गाड्या धुवायचं काम चालायचं आणि बाबा तिथेच सीट कव्हरं आणि स्टिकर विकायचा. आता तो त्या काळाला 'साधनेची वर्षं' म्हणतो.

मुद्रा लावली आणि आमची गाडी बंद पडायला लागली. याआधी तिने असं कधीच केलं नव्हतं. सुरुवातीला झकास पळायची, मग थोड्या अंतरावर इंजिन आचके द्यायचं, आणि गप्प. बाबाचं म्हणणं, ही उचकी. "तू त्याची आठवण काढतेस, त्याला उचकी लागते." वहिनीला हे पटलं. पटणारच, ती दादाची आठवण काढत नव्हती असा क्षण कुठला होता?

दादाच्या जुन्या मेकॅनिककडे मी तिला ओढत नेलं. त्याने पेट्रोल आहे का बघायला सवयीने पहिलं काम काय केलं, तर चकती काढून टाकी उघडली. पेट्रोल होतं. मग प्लग पाहिला, वायरी पाहिल्या, कार्ब्युरेटर उलटा केला, बटण दाबलं. गाडी सुरू. त्याने चार चकरा मारल्या, गाडीने एकदाही दगा दिला नाही.

"काही नाही हो हिला. लाखात एक गाडी आहे," तो म्हणाला.

घरी आल्यावर वहिनीने नवी चकती लावली. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या वाटेवर गाडी पुन्हा गप्प. आता ज्या गाडीत मेकॅनिकला दोष सापडत नाही, तिच्यात भूतच असणार, असा क्लबाने निकाल दिला.

बंद पडण्यातून अर्थ काढायची तर साथच आली होती. दातांच्या डॉक्टरांची गाडी सासऱ्यांच्या फाटकासमोर थांबली. त्यांनी तिथल्या तिथे सासऱ्यांशी असलेला जुना अबोला सोडला. एका बँकवाल्या काकांची दारूच्या दुकानासमोर थांबली. त्यांनी त्यातून काय अर्थ काढला ते काकूंना विचारा. क्लबातल्या एका बिल्डरची गाडी मात्र कधीच बंद पडत नव्हती. बाबा म्हणाला, त्याचे पूर्वज तृप्त आहेत. बिल्डर छाती काढून फिरायचा. त्याने चकती कशी चिकटवली होती हे मात्र मी पाहिलं होतं. धुळीवरच थापलेली, एक कड सुटलेली. बांधकामंही तो तशीच करतो.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. बाबा नव्या गाड्यांना हात लावत नसे. कुणी फ्युएल इंजेक्शनवाली चकचकीत क्रूझर आणली की तो नाक मुरडायचा. "कॉम्प्युटरवाल्या यंत्रात आत्मा टिकत नाही." आत्म्याला कार्ब्युरेटर लागतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुत्र्याचा रंग सापडत नव्हता, पण कुठेतरी कुत्रा नव्हता एवढं नक्की.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सुरुवातीला सांगितलं त्या रविवारी शेडमध्ये गाडी सुरू झाल्यावर बाबाने वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज हळू केला. हळू म्हणजे दाराशीही ऐकू येईल इतपतच हळू.

"बाई, वाईट वाटून घेऊ नकोस. सर्वांत अस्वस्थ आत्मा तुझ्या गाडीत आहे. तू हँडल धरतेस, तेव्हा तो श्वास रोखतो. गुदमरतो. त्याला तू पुढच्या सीटवर नको आहेस."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग मी काय करू?"

"त्याला मोकळं कर. पुढच्या रविवारी गाडी इथे समर्पित कर. दीपगृह वगैरे विसर. तिथे जाण्याची ओढ त्याची नाही, तुझी आहे."

समर्पित गाड्यांची एक रांग शेडच्या मागे होती. ती रांग दर आठवड्याला बदलायची. बाबाला विचारलं तर तो म्हणायचा, मुक्त झाल्या. मुक्त झालेली वाहनं परगावच्या लोकांच्या बुडाखाली फिरत असतात, हे मी माझ्या कामामुळे सांगू शकते.

घरी मी भांडले. दावे तपासणारी बाई भांडते तशी भांडले, मुद्द्याला मुद्दा लावून. वहिनी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू आवाज ऐकलास की नाही?"

"ऐकला."

"मग तो कसला होता?"

मी उगाच टेबलावरचे कप उचलायला लागले.

"माहीत नाही ना? मग मला वेड्यात काढू नकोस. आयुष्यभर माणसांचे श्वास मोजले मी. शेवटचेसुद्धा. फक्त यांच्याच वेळी शेजारी झोपून राहिले आणि मला कळलं नाही. आता यांचा श्वास मला ऐकू येतो आणि त्यांना मी हँडलवर नको आहे. एवढं तरी मी ऐकायला नको?"

ती आठवडाभर बसने कामावर गेली. पार्किंगमध्ये गाडीवर चादर टाकून ठेवली. येता-जाता मान खाली घालून जायची, घरातल्या रुसलेल्या माणसाच्या खोलीपुढून जावं तशी. त्या बाबाला मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या कुत्रा आडवा आणणाऱ्या दावेदारांनाही घातल्या नसतील. दादा गेल्यावर ज्या एका गोष्टीने ही बाई उभी राहिली होती, ती गोष्ट हा माणूस तिच्याच हातून काढून घेत होता आणि वर तिलाच दोषी ठरवत होता.

शनिवारी दुपारी ती माझ्या दाराशी आली. अंगावर दादाचं जाकीट.

"चल. उद्या द्यायचीच आहे. एकदा घाटातल्या वरच्या वळणापर्यंत जाऊन येऊ. त्यांना सांगते, शेवटचं आहे, सांभाळून घ्या."

वाटेत तिने टाकी काठोकाठ भरली, चकती पुसून, दाबून, कडा अंगठ्याने फिरवून नीट चिकटवली. नर्सच ती. जखमेवरची पट्टी लावावी तशी लावली, सुरकुतीसुद्धा राहू दिली नाही. आम्ही घाट चढायला लागलो. समोर दरी उघडली, वारा कानात घुमायला लागला, आणि मला क्षणभर दादा पुढे बसलाय असंच वाटलं. बरोबर तेव्हाच इंजिनाने आचके दिले.

मागे मालाने भरलेला ट्रक होता. त्याने हॉर्न दिला, ब्रेक करकचले, आणि आमच्या आरशात नुसता त्याचा दर्शनी भाग दिसायला लागला. वहिनीने क्लच दाबला, हँडल कडेला वळवलं, मी उडी टाकून मागून ढकललं. ट्रक आम्हाला घासून वर गेला. ड्रायव्हरने आमच्या घराण्याचा जो उद्धार केला तो इथे देत नाही. मी हेल्मेट काढून दोघींचे हातपाय शाबूत आहेत का ते मोजले.

वहिनी मात्र रागावली होती. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

"हे असं करणार नाहीत," ती म्हणाली.

"कोण?"

"हे! ट्रकखाली घालतील मला? तुला? मी भाजी चिरताना सुरी घेतली तरी 'बोट सांभाळ' म्हणणारा माणूस आहे तो. रुसेल, दोन दिवस बोलणार नाही, पण वळणावर गाडी बंद करणार नाही."

तिने चकती सोलली. झाकण फिरवायला घेतलं, पण एकदम नाही उघडलं. अगदी हळू, थोडंसं सैल केलं. हुस्स सुरू झाला. तिच्या गळ्यातला पातळ स्कार्फ पुढे लोंबत होता. त्याचं टोक झाकणाच्या फटीपाशी गेलं आणि तिथे चिकटून बसलं.

वहिनी तशीच वाकून बघत राहिली. स्कार्फ सोडवला, पुन्हा धरला. पुन्हा चिकटला.

"आत ओढतोय," ती म्हणाली.

"काय?"

"बाबा म्हणाला, कोंडलेला श्वास बाहेर पडतो. बाहेर पडला असता तर स्कार्फ उडाला असता. हा आत ओढतोय. हवा आत जातेय." तिने झाकण पूर्ण काढलं, उलटंपालटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं. झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. त्याभोवती चकतीच्या रबराचा काळा डाग चिकटला होता. वहिनी रस्त्याच्या कडेच्या दगडावर मटकन बसली.

"हवेची सुई," ती म्हणाली. "अगं, हवेची सुई!"

मला काहीच कळेना. मग तिने मला वॉर्डमध्ये नव्या मुलींना शिकवते तसं शिकवलं. सलाईनची काचेची बाटली उलटी टांगतात. खालून पाणी थेंब थेंब जातं, तशी आत पोकळी होते. बाहेरून हवा आत आली नाही, तर ती पोकळी पाण्याला धरून ठेवते आणि बाटली भरलेली असूनही थेंब पडायचा थांबतो. म्हणून बाटलीच्या बुचात हवेसाठी एक वेगळी सुई टोचतात. नवी मुलगी हमखास ती विसरते आणि धावत येते, सिस्टर, सलाईन थांबलं!

"टाकी म्हणजे उलटी टांगलेली बाटलीच," वहिनी म्हणाली. "पेट्रोल खाली जातं, हवा वरून यायला हवी. ते भोक त्याचसाठी आहे. आणि मी रोज त्यावर पट्टी लावतेय. तीही सगळ्यांत नीट."

मग कोडी आपोआप सुटायला लागली. टाकी काठोकाठ भरली की वर हवेला जागाच नाही, त्यामुळे गाडी लवकर घुसमटते. मेकॅनिकने आधी टाकीच उघडली, म्हणून त्याला दोष सापडला नाही. बिल्डरची चकती एका कडेने सुटलेली, त्याचे पूर्वज त्या फटीतून तृप्त. दातांचे डॉक्टर सवयीने आधी जागा कोरडी करतात, मग चिकटवतात, म्हणून ते सासऱ्यांच्या दारात. नव्या गाड्यांत पंप पेट्रोल खेचून घेतो, ती आपोआप उतरत नाही, म्हणून तिथे बाबाचा आत्मा टिकत नव्हता. आणि बाबाचं ते पुटपुटणं? इंजिनाला पेट्रोल पुरवणारा, रिकामा झालेला कार्ब्युरेटर टाकीतून पुन्हा भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच ते लांब असायचं.

वहिनी पक्की बाई. तिने तिथेच खात्री करून घेतली. चकतीशिवाय गाडी घाटमाथ्यावर जाऊन आली, उचकीसुद्धा नाही. चकती लावली, गप्प झाली. काढली, पळाली. शेवटी तिने इंजिन बंद केलं आणि टाकीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता हसेल. ती हमसून हमसून रडायला लागली.

"म्हणजे ते नव्हतेच," ती म्हणाली. "मी इतके दिवस हवेशी बोलत होते."

मी तिला जवळ घेतलं. मला बाबाची हवा निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या वळणावर माझा दादा मला दुसऱ्यांदा गेला.

रविवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सर्वांत अस्वस्थ आत्म्याचं समर्पण म्हटल्यावर शेजारच्या गावांतूनही जाकिटं आली होती. वहिनी गाडी चालवत आली. हँडलला एक दांडी बांधली होती आणि दांडीला काचेची सलाईनची बाटली उलटी टांगली होती. बाबाने ती पाहिली आणि तिला वाटेल ते नाव द्यायला तो मोकळा असल्याने लगेच दिलं.

"पाहा! बाईने अश्रूंचं प्रतीक आणलंय!"

"अश्रू नाहीत, साधं पाणी आहे," वहिनी म्हणाली. तिने नळीची कळ उघडली. थेंब पडायला लागले, मग मंदावले, मग थांबले. बाटली जवळजवळ भरलेलीच होती. "थांबलं. बाबा, हिच्यात कोण आहे? जरा नाडी बघता?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा म्हणाला, "श्रद्धेची थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही, विचारतेय. माझ्या वॉर्डात अशा कितीतरी बाटल्या थांबतात. आम्ही कुणाचाच आत्मा समर्पित करून घेत नाही. हे करतो." तिने खिशातून सुई काढली आणि बुचात टोचली. बुडबुडे वर चढले आणि थेंब पुन्हा टपटप पडायला लागले. पाठोपाठ तिने टाकीचं झाकण काढलं आणि सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या हातात दिलं. "डॉक्टर, मधलं भोक दिसतंय? आणि आपण मुद्रा कुठे लावतो?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, झाकण पाहिलं, चष्मा खाली घेतला, पुन्हा पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"यंत्राचं मी यंत्रवाल्यांवर सोडतो," बाबा घाईघाईने म्हणाला. "मला भोकाबिकाचं ज्ञान नाही. माझी मुद्रा शुद्ध भावनेची. बाईच्या शंकेने आत्मा दुखावला, म्हणून…"

इथे माझा धंदा कामाला आला. अपघाताचा दावा कितीही करुण असो, मी आधी सांगणाऱ्याची स्वतःची गाडी बघते. बाबाची क्रूझर शेडच्या कोपऱ्यात उभी होती, तीही जुनी, कार्ब्युरेटरवाली. झाकणावर मुद्रा होतीच, सोनेरी काठाची. मी ती उचकटून घेतली आणि दारातून येणाऱ्या उजेडासमोर धरली.

"बाबा," मी ओरडले, "तुमच्या मुद्रेला बरोबर मध्ये भोक कसं हो?"

चकतीतून उजेडाचा बारीक ठिपका सरळ दिसत होता. हातोहात ती पुढे गेली. ज्याच्या हातात जाई तो आधी चकती बघे, मग बाबाकडे. बाबाला भोकाचं ज्ञान होतं. फक्त ते त्याने स्वतःपुरतं ठेवलं होतं.

"ते… उंदराने कुरतडलं असेल," बाबा म्हणाला.

"उंदीर कुठल्या रंगाचा होता?" मी विचारलं.

आधी बिल्डर हसला, मग सगळं शेड. हसता हसता लोक आपापल्या गाड्यांकडे गेले आणि चकत्या सोलायला लागले. जिकडेतिकडे हुस्स, हुस्स. एवढे आत्मे एकाच वेळी मोकळे झाल्याचं बाबाने जन्मात पाहिलं नसेल. ज्यांनी गाड्या समर्पित केल्या होत्या, ते मात्र हसत नव्हते. ते शेडच्या मागच्या रांगेकडे चालले होते आणि बाबा त्यांना वाट देत देत भिंतीला टेकला होता.

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "टाकीत कोण आहे ते चुकलात, त्याला माफी आहे," ती म्हणाली. "पण मी त्यांना नको आहे, असं म्हणालात तुम्ही. ते कुठल्या भोकातून ऐकलंत?"

बाबा भिंतीच्या कडेकडेने दाराकडे सरकला.

सगळे शहाणे झाले असं समजू नका. बँकवाले काका अजून म्हणतात, बाईंची टाकी वेगळी, आमच्यात काहीतरी आहेच. बाबा आता दुसऱ्या गावात टायरमधल्या हवेतून भविष्य सांगतो, असं ऐकलं.

आम्ही दीपगृहाला जाऊन आलो. रस्ता संपला तिथे वहिनीने इंजिन बंद केलं. समोर नुसतं पाणी होतं. तिने सवयीने टाकीचं झाकण उघडलं. आवाज आला नाही. तिने वाकून टाकीला कान लावला.

"काही ऐकू येतंय?" मी विचारलं.

"इंजिन टकटकतंय. गार होताना धातू आक्रसतो, त्याचा आवाज." तिने झाकण लावलं. मग टाकीवर थोपटून म्हणाली, "पण जोडलीय बाकी झकास तुझ्या भावाने. एवढं अंतर आलो, एक नट सैल झाला नाही."

तेव्हा मला दादा दिसला. बाल्कनीत, मांडी घालून, हात काळे करून. तो टाकीत कधीच नव्हता. त्या घट्ट बसलेल्या नटांमध्ये होता, आणि ते कुणाच्या फुंकरीने नाही, त्याच्या हातांनी बसले होते.

ज्यांचं माणूस गेलंय, त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे. रडा, बोला, गाडीशी बोला, भिंतीशी बोला, त्यात लाज नाही. पण तुमच्या दुःखात फुंकर मारायला कुणी आला, की मान डोलावण्याआधी हवा आत जातेय की बाहेर येतेय ते स्वतः तपासा. आणि त्याने दिलेली मुद्रा लावण्याआधी, जाऊन त्याच्या स्वतःच्या टाकीचं झाकण बघा.